चपलांच्या कपाटावरचे डबे

पन्नाशी उलटल्यावर माणसानं एखादा नाद लावून घ्यावा म्हणतात. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ बोनसाय करतात, दुसरे पहाटे दुर्बीण घेऊन खाडीकाठी फ्लेमिंगो बघायला जातात. मी समाजशास्त्रात एम. ए. करायला घेतलं. विषय निवडताना फार खोल विचार केला नव्हता. इतिहासाला सनावळ्या होत्या, अर्थशास्त्राला गणित होतं, आणि मराठी साहित्याला म्हणे स्वतःचं मत लागतं. समाजात तर आपण जन्मल्यापासून राहतोय, म्हणजे निम्मा अभ्यास झालेलाच आहे, अशी माझी समजूत.

हे मी लोकांना सांगायचो ते कारण. खरं कारण असं की संक्रांत झाली आणि कोकणात माझ्या सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बायको "जरा त्या उठून बसल्या की येते" म्हणून गेली, आणि सासूबाई काही उठून बसेनात. मुलगी नोकरीसाठी परदेशात. तिला सकाळी चहाबरोबर बोलायची हुक्की येते तेव्हा इकडे माझे डोळे मिटत असतात. कंपनीनं त्याच्या आधीच आम्हा खरेदी विभागातल्या जुन्या खोडांना स्वेच्छेनं निवृत्त केलं होतं. स्वेच्छा कंपनीची. तर अशा रीतीनं सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो.

पहिले काही दिवस मजेचे गेले. टीव्हीचा रिमोट माझा, पंखा माझ्या मर्जीनं, ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी त्याला कुणी उचलून माझ्या डोक्यावर टाकत नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला आणि "हॅलो" म्हणताना माझा आवाजच फुटेना. सकाळपासून मी एक शब्द बोललो नव्हतो. फोनवर क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी होती. मी तिला कार्डाबद्दल सगळं विचारलं, मग तिचं गाव विचारलं, गावाला आंबा कसा धरलाय ते विचारलं. तिनं फोन ठेवला. त्या बाजूनं फोन ठेवला जाण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असेल.

त्यानंतर मी दूरशिक्षणाची चौकशी केली. नेरूळच्या एका कॉलेजात त्या अभ्यासक्रमाचे रविवारी सकाळी वर्ग भरायचे. रविवारी समोर माणसं बसलेली असणार, एवढंच मला पुरेसं होतं.

शिकवायला यायच्या त्या मॅडम माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या. मला "सर" म्हणायच्या, त्यामुळे उत्तर चुकलं की जास्तच लाज वाटायची. समाज चालतो कसा, याची तीन मोठी उत्तरं आहेत, असं त्यांनी सांगितलं. पहिलं उत्तर मला फार आवडलं. समाज म्हणजे शरीर. कुटुंब, देऊळ, शाळा, बाजार, कोर्टकचेरी हे त्याचे अवयव. प्रत्येकाचं काहीतरी काम ठरलेलं, एकाचं काम दुसऱ्याला पूरक, आणि एखादा अवयव दमला तर बाकीचे त्याचा भार उचलून तोल सांभाळतात. रूढी, सणवार, शिष्टाचार हे सगळं उगीच नसतं, त्यामागे शरीर धडधाकट ठेवण्याचं काम असतं. याला प्रकार्यवाद म्हणायचं.

घरी येऊन मी बायकोला फोन लावला.

"अगं, समाज शरीरासारखा असतो."

"बरं."

"म्हणजे घरसुद्धा. आपण सगळे एकेक अवयव. तू हृदय असं धर. मग मी कोण?"

ती थोडा वेळ विचार करत होती. "अपेंडिक्स," ती म्हणाली. "दुखेपर्यंत आहे हे कळत नाही. गॅस बंद केलात का दुधाखालचा?"

केला नव्हता.

पुढच्या वर्गात मॅडमनी ते शरीर उचलून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की हे अवयवबिवयव काही खरं नाही. समाजात काहींच्या हाती जमीन, पैसा, मान असतो आणि काहींच्या नसतो. ज्यांच्याकडे असतो ते तो सोडत नाहीत, आणि सगळं किती सुरळीत चाललंय असं म्हणणारे बहुतेक तेच असतात. हा संघर्षवाद. आपापल्या आजूबाजूचं उदाहरण लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांवर पानभर लिहिलं, मालक आणि कामगार यांच्यावर. घराजवळचं उदाहरण शोधायचा प्रयत्न केला होता, पण सापडलं नाही. घराजवळ सगळं सुरळीत चाललं होतं.

घराजवळ म्हणजे खरं तर समोरचं एकच दार. तिथं ताई राहतात. बेलापूरला एका सरकारी कार्यालयात अधिकारी आहेत; माझ्या कंपनीतल्या हुद्द्यापेक्षा त्यांचा हुद्दा कितीतरी वरचा. घराणं मराठवाड्यातलं, पण वडील इकडे कारखान्यात लागले म्हणून लहानपण दिघ्याच्या वस्तीत गेलेलं. बोलणं मुंबईचं, खूश झाल्या किंवा चिडल्या की मात्र त्यात गाव उतरतं. चौकटीवर पंचशील ध्वजाचा छोटा स्टिकर आहे. यजमान ऐरोलीकडे पाळीवर जातात, मुलगा शिकायला बाहेरगावी. माझ्या बायकोची आणि ताईंची घट्ट मैत्री. माझी आणि त्यांची ओळख लिफ्टपुरती. तीही लिफ्ट बंद पडलेली असली की जास्त.

बायको जाऊन थोडे दिवस झाले असतील, संध्याकाळी बेल वाजली. दारात ताई, हातात डबा.

"धपाटे आहेत, भाऊ. वैनी बोलून गेल्यात, यांच्यावर लक्ष ठेवा. आता तुमच्यावर काय लक्ष ठेवायचं? तुमी कुठं पळून चाललाय?"

मी "अरे वा, कशाला, थँक्यू थँक्यू" असं काहीतरी म्हणालो आणि दार लावलं. मग ते धपाटे ओट्याशी उभ्यानंच खाल्ले. ताट घ्यायचा धीर नव्हता. गरम होते, तीळ लावलेले, आणि मधल्या दोन घासांना माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी मिरचीच्या नावावर टाकलं.

डबा घासून ठेवला आणि बायकोला कळवलं.

"रिकामा परत देऊ नका हं," ती म्हणाली. "रिकामं भांडं देत नाहीत."

"मग काय घालू?"

"काहीही. नसलं काही तर चमचाभर साखर."

"साखर? त्या ऑफिसातून येऊन धपाटे थापतात आणि मी साखर देऊ? दुकानदार आहे का मी?"

"मग मिठाई आणा."

"विकतची?"

"मग करा काहीतरी हातानं," ती म्हणाली आणि हसली. ती चेष्टा होती हे मला फार उशिरा कळलं.

मी नारळाच्या वड्या करायला घेतल्या. कोकणातला जावई आहे, तेवढं तर यायलाच हवं. पहिल्या खेपेला वड्या थापल्यावर वाट बघत बसलो, पण त्या घट्टच होईनात. शेवटी मी त्या चमच्यानं खाल्ल्या. दुसऱ्या खेपेला पाक पुढे गेला. त्या थाळीत अशा बसल्या की थाळीसकट टाकाव्या लागल्या. तोवर समोरून येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची, आमटी आली होती कडीच्या डब्यातून. मग काचेच्या वाडग्यातून सुशीला आली. हा भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार असतो. ताई दारात "सुशीला आणलीय" म्हणाल्या तेव्हा मी मागे कोण पाहुणी उभी आहे ते बघत होतो.

डबे साठत गेले. मी ते घासूनपुसून दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ओळीनं मांडून ठेवले. आमच्या घरात बाहेर न्यायच्या वस्तूंची ती जागा आहे. किल्ल्या, छत्री, इस्त्रीला द्यायचे कपडे, सगळं तिथंच. कंपनीतही माझी हीच पद्धत, जाणारा माल दाराशी. स्वयंपाकघरात ठेवले असते तर आमच्या डब्यांच्या गर्दीत गेले असते, आणि आमच्या घरात कुठला डबा कुणाचा हे फक्त बायकोला कळतं.

खरं सांगायचं तर त्या कपाटावरचे ते डबे येता-जाता दिसले की मला बरं वाटायचं. आपलं कुणाशी तरी काहीतरी चाललेलं आहे, आपल्याकडून एक गोष्ट व्हायची राहिली आहे. एकट्या माणसाचं सगळं वेळेवर आटपलेलं असतं, हेच तर त्याचं दुःख.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला ताई खीर घेऊन आल्या. पांढरी साडी नेसल्या होत्या, घाईत होत्या, बाहेर कुठं तरी कार्यक्रमाला निघाल्या होत्या. डबा जुना, जड, पितळी, वरचं नाव झिजत आलेलं.

"हा जरा जपून ठेवा, भाऊ. माझ्या आईचा आहे."

मी दोन्ही हातांनी घेतला. ताईंची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली. चपलांच्या कपाटावर त्यांचे डबे ओळीनं उभे होते. खाली माझ्या सपाता, बायकोचे जुने सँडल.

"हे सगळे इथंच ठेवता?" त्यांनी विचारलं.

"हो, इथं वेगळे ठेवले की लक्षात राहतं," मी म्हणालो. माझ्या व्यवस्थितपणाचं कौतुक व्हावं अशी माझी अपेक्षा होती.

"बरं," ताई म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या.

खीर अप्रतिम होती. डबा चिंचेनं घासून लखलखीत केला आणि बाकीच्यांच्या शेजारी ठेवून दिला.

त्यानंतर बेल वाजायची थांबली.

पहिल्या आठवड्यात मी काही मनावर घेतलं नाही. मग लक्षात आलं की मी संध्याकाळी साधारण त्याच सुमाराला टीव्हीचा आवाज बारीक करून बसतो. समोरचं दार उघडल्याचा आवाज यायचा, ताईंच्या पर्सच्या चेनचा आवाज यायचा, मग दार बंद. एकदा मी मुद्दाम त्याच वेळी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडलो. पिशवीत कचरा नव्हता. एकट्या माणसाचा कचरासुद्धा भरत नाही. मी एक वर्तमानपत्र चुरगाळून घातलं होतं. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.

"ताई, बरेच दिवस दिसला नाहीत?"

"काम वाढलंय ऑफिसात, सर," त्या म्हणाल्या आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

भाऊचं सर झालं होतं. ते मला जाणवलं. पण मॅडमही मला सरच म्हणतात, तेव्हा ताईंना माझ्या एम. ए.चं कळलं असावं आणि त्यांचा आदर वाढला असावा, असा अर्थ मी लावला. माणसाची अक्कल किती ताणली जाऊ शकते याचा हा नमुना.

मग तिसऱ्या उत्तराचा रविवार आला. त्याचं नाव प्रतीकात्मक आंतरक्रियावाद. हा शब्द पहिल्यांदा उच्चारताना कवळी नसूनही मी ती सावरली. नावाच्या मानानं गोष्ट साधी होती. मॅडम म्हणाल्या, वस्तूला स्वतःचा अर्थ नसतो. माणसं एकमेकांशी वागताना तो तिला देतात, आणि एकानं दिलेला अर्थ दुसऱ्यापर्यंत तसाच पोचेल याची हमी नसते. आपण कोण आहोत हेही आपल्याला एकट्याला ठरवता येत नाही. दुसरा आपल्याकडे कसा बघतो त्यात आपण स्वतःला बघतो. मग त्यांनी प्रत्येकाला घरातलं एकेक उदाहरण विचारलं.

या खेपेला माझ्याकडे घरचं उदाहरण होतं. मी उभं राहून डब्यांची गोष्ट सांगितली. धपाटे, सुशीला, चमच्यानं खाल्लेल्या वड्या. वर्ग हसला, मॅडमही हसल्या. मी रंगात आलो. म्हणालो, बघा, रिकामं भांडं परत देऊ नये या एका रूढीनं दोन घरं जोडून ठेवलीत. डबा माझ्याकडे आहे म्हणजे नातं चालू आहे.

"छान," मॅडम म्हणाल्या. "हा तुमचा अर्थ झाला, सर. समोरच्यांचा काय असेल?"

"तोच. रिकामं भांडं देत नाहीत हे काय कुणाला सांगावं लागतं?"

"तुम्ही ते खाल्लंत हे त्यांना कसं कळलं?"

डबा घेताना थँक्यू म्हटलं होतं. नंतर आमटी कशी झाली होती, खीर कशी झाली होती, यातलं एक अक्षर मी ताईंना सांगितलं नव्हतं. ते सगळं डबा परत देताना, वड्यांबरोबर सांगायचं ठरलं होतं.

मागच्या बाकावर माझ्याच वयाच्या एक बाई बसायच्या, फारशा बोलायच्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डबे ठेवलेत कुठं तुम्ही?"

"दाराशी. चपलांच्या कपाटावर."

"आणि तुमचे?"

"आमचे स्वयंपाकघरात."

"त्या ताईंनी बघितलं हे?"

"हो, खीर घेऊन आल्या तेव्हा. बुद्धपौर्णिमेला."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मलाच ऐकू आलं. वर्गात कुणी हसत नव्हतं.

"माझ्या आईची कपबशी वेगळी असायची," त्या बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ज्यांच्या शेतावर कामाला जायची, त्यांच्या दाराबाहेर. कोनाड्यात. पालथी घालून ठेवलेली. फार स्वच्छ असायची."

मी खाली बसलो.

घरी चालत आलो. जूनचं ऊन होतं, अंगाला चिकटणारं. मी काही वाईट मनात धरून केलं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही आता कळत होतं. त्या कपाटावर डबे ठेवताना माझ्या मनात दुसरा अर्थ एकदाही आला नाही, कारण तो मनात येण्याची वेळ माझ्या घराण्यात कधी कुणावर आलेलीच नव्हती. आमचं आडनाव ऐकल्यावर लोक चहाचा कप पुढे करतात. मला जी गोष्ट कधी शिकावी लागली नाही, ती ताईंना शिकून बसावी लागली होती, अधिकारी होऊनही. कारखान्यांवर लिहिलेलं ते पान आठवलं आणि मान खाली गेली.

पण खरी टोचणी वेगळीच होती. इतके महिने माझ्याकडे रोज कोण बघत होतं? बायकोला फोनवर माझा आवाज दिसायचा, मुलीला माझं अर्धं कपाळ. प्रत्यक्षात मला बघणारं माणूस म्हणजे समोरच्या दारातल्या ताई, एवढंच. आणि त्या डोळ्यांत मी कोण होतो, तर हसत डबा घेऊन दारातल्या दारात तो वेगळा ठेवणारा माणूस. दुसऱ्या कुणाच्या नजरेत मी नव्हतोच. म्हणजे त्या घडीला मी तोच होतो.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं.

"चपलांवर?" मग ती म्हणाली.

"कपाटावर. वर. स्वच्छ पुसून."

"अहो, गप्प बसा. आत्ता जा."

"काय घालून नेऊ डब्यांत? साखर—"

"काही घालू नका. तसेच घेऊन जा. आणि तिथं जाऊन ते प्रकार्य की काय ते सांगत बसू नका."

मी डबे दोन्ही हातांत कवटाळले, वर हनुवटीनं काचेचा वाडगा दाबून धरला, आणि बेल कोपरानं दाबली. सासूबाईंकडे बायकोला मागणी घालायला गेलो होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

ताईंनी दार उघडलं.

"डबे," मी म्हणालो.

"हं."

"रिकामे आहेत."

"दिसतंय."

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. "ताई, रिकामे द्यायचे नसतात म्हणून ठेवले होते. वड्या करत होतो त्यांत घालायला. जमेनात."

"इतके दिवस वड्याच करत होता?"

"दोनदाच केल्या. पण रोज करायच्या असायच्या."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आणि चपलांवर?"

"बाहेर न्यायचं ते मी तिथं ठेवतो. किल्ल्या, छत्री. मला कळलंच नाही, ताई. आज वर्गात एका बाईंनी विचारलं, तेव्हा कळलं."

"कसला वर्ग?"

"समाजशास्त्राचा. एम. ए. करतोय."

ताईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे आमचे डबे तुमच्या कॉलेजात पोचले. इथं समोर तेवढे पोचले नाहीत."

वाडगा हनुवटीखालून निसटत होता. तो त्यांनी वरून काढून घेतला, मग आईचा पितळी डबाही घेतला. उरलेले माझ्या हातात तसेच.

"खीर टाकली का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. त्याच दिवशी संपवली. वेलदोडा जास्त होता थोडा."

"जायफळ होतं ते." मग त्या म्हणाल्या, "तुमी इथं राहायला यायच्या आधीची गोष्ट. आमी नेरूळला भाड्यानं राहायचो. खालच्या मजल्यावर एक बाई होत्या. मी काय पण दिलं की हसून घ्यायच्या. डबा दुसऱ्या दिवशी परत. घासलेला, वर साखर घालून. पद्धतशीर. आणि एकदा पुरणपोळ्या दिल्या, तर त्या मला जिन्यातल्या कचऱ्यात दिसल्या. घडी पण मोडली नव्हती बघा. तवापासून मी कुणाला विचारायला जात नाही. समजून घेते आणि गप बसते."

मी उभाच होतो. तेवढ्यात मला जाणवलं की मला भूक लागली आहे. सकाळी चहावर बाहेर पडलो होतो, दुपार कलायला आली होती. दुसरं काही सुचतही नव्हतं.

"ताई, काही खायला आहे का?"

"आत्ता?"

"हो."

"सकाळची भाकर आहे. वरण आहे."

"चालेल."

त्यांनी दार पुरतं उघडलं. इतकी वर्षं समोर राहून मी त्या घरात पहिल्यांदा शिरलो. टीव्हीशेजारी बुद्धाची मूर्ती, मुलाचा पदवी घेतानाचा फोटो, आतल्या खोलीत रात्रपाळीहून आलेल्या यजमानांचं घोरणं. मी डबे टेबलाच्या कडेला ठेवले. ताईंनी ताट मांडलं. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. मग त्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

मी जेवताना समोर माणूस बसणं किती दिवसांनी घडत होतं. पण त्यांचं बघणं गप्पांचं नव्हतं. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, घासाकडे बघत होत्या. मला ते कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत असावं. मी घास मोठे घेतले की खोटं दिसेल, लहान घेतले की नाइलाज दिसेल. शेवटी माणूस नेहमी किती मोठा घास घेतो तेच मला आठवेना.

"चांगली झालीय चटणी," मी म्हणालो.

"हं."

त्यांनी दुसरी भाकरी वाढली. ती संपली. तिसरी पुढे केली तेव्हा माझं पोट तुडुंब भरलं होतं. मी ताट पुढे सरकवलं.

"नको असंल तर नको म्हणा की," ताई म्हणाल्या. "जबरदस्ती नाय."

"आज म्हणत नाही," मी म्हणालो. "आज नको म्हटलेलं तुम्हाला कसं लागेल, मला सांगता येत नाही."

त्यांनी हातातल्या भाकरीकडे बघितलं. मग ती मधोमध मोडली, अर्धी माझ्या ताटात टाकली आणि अर्धी टोपल्यात परत ठेवली.

"एवढीच खावा. पोट बिघडलं तर वैनी मलाच फोन करतील."

त्या हसल्या नाहीत. उठून टेबलावरचे डबे उचलले आणि स्वयंपाकघरात गेल्या. माझी पाठ तिकडे होती. मान वळवायची हिंमत झाली नाही, पण कान मात्र तिथंच होते. मी घासलेले डबे त्या पुन्हा नळाखाली धरतात का, एवढंच मला ऐकायचं होतं. आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मी ताटातली ती अर्धी भाकरी वरणात कुस्करत, एकेक घास गिळत बसलो होतो. भूक केव्हाच संपली होती.

मग मांडणीवर डबे ठेवल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा, सावकाश.